तुम्हाला हे काम कसं मिळालं?



गणपती आले आणि गेले. मोदक संपले, आरत्या म्हणून बसलेले घसे मोकळे झाले आणि आता सहामाही परीक्षा दारात येऊन उभी आहे. माहीत आहे मला! पण पाच मिनिटं पुस्तक मिटून ठेवा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू.

आपल्या भाषेत नोकरी 'लागते'. लॉटरी लागते, ठेच लागते, तहान लागते, तशीच नोकरीही लागते! काम मात्र 'मिळतं'. दुकान 'टाकतात'. धंदा 'काढतात', आणि नशीब वाईट असेल तर तो 'बसतो'. शेती मात्र नुसती 'करतात'. गंमत आहे की नाही? पण नोकरी लागते म्हणजे नक्की काय होतं? काम मिळतं ते कुठून मिळतं? कोण देतं? तुमच्या घरातली मोठी माणसं आज जे काम करतात, ते त्यांना कसं मिळालं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातल्या, बरं का!) पाथर्डी तालुक्यात आमचं गाव. शाळा जिल्हा परिषदेची, वर्ग तिसरी-चौथीचा एकत्र. कोण काय काम करतं, हे पोरांना तोंडपाठ होतं. कुंभार मडकी करतो, पोस्टमन पत्रं वाटतो, नर्सताई सुई टोचतात. पण "पोस्टमनकाकांना ही नोकरी कशी लागली?" म्हटल्यावर सगळा वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाई, काम मिळतं म्हंजे ते आधी कुठं हरवलेलं असतं का?"

आम्ही सगळे खो खो हसलो. पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. म्हणून मी त्या दिवशी एकच गृहपाठ दिला. घरी जायचं, आई, वडील, आजोबा, काका, जे कोणी भेटेल त्याला विचारायचं, 'तुम्हाला हे काम कसं मिळालं?' आणि उत्तर वहीत लिहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात जत्रा भरल्यासारखा गोंगाट होता. प्रत्येकाला आधी सांगायचं होतं. मी फळ्यावर एकेक रस्ता लिहीत गेले, म्हणजे काम ज्या ज्या रस्त्यानं माणसापर्यंत पोचतं तो रस्ता. चला, तुम्हालाही त्या फळ्यासमोर बसवते.

पहिला रस्ता: घरातून

"आजोबा हेच करायचे, म्हणून बाबापण हेच करतात." हे उत्तर सगळ्यांत जास्त जणांच्या वहीत होतं. शेती, लोहारकी, केस कापायचं दुकान, शिवणकाम. पूर्वी गावगाड्यात बारा बलुतेदार असत. कामाच्या बदल्यात त्यांना वर्षाकाठी धान्य मिळे. सुताराचा मुलगा सुतार आणि कुंभाराचा मुलगा कुंभार. काम शोधायला जावंच लागत नसे, ते पाळण्यातच ठरलेलं असे.

ऐकायला सोपं वाटतं ना? बापाच्या हाताखाली मुलगा शिकतो, हातात कसब येतं, हे चांगलंच आहे. पण सुताराच्या मुलाला गाणं शिकायचं असेल तर? आणि ज्यांच्या वाट्याला जन्मानं मेलेली जनावरं ओढायचं काम आलं, त्यांना कुणी विचारलं होतं का, की बाबा रे, तुला हे आवडतं का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचीच गोष्ट घ्या. बडोद्याच्या महाराजांची, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. परत आल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. म्हणजे नोकरी ठरलेलीच होती. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. एवढा शिकलेला माणूस! पण जात पाहून त्यांना राहायला कुणी खोली देईना. एका पारशी वसतिगृहात ते नाव बदलून राहिले. ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथूनही बाहेर पडावं लागलं. कचेरीतले शिपाईसुद्धा त्यांच्या हातात कागद न देता लांबून टाकत. शेवटी ती नोकरी सोडून ते मुंबईला आले आणि १९१८ साली सिडनम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे सगळ्या देशाची राज्यघटना लिहिण्याच्या कामात ते पुढे होते, हे तुम्हाला माहीतच आहे. नोकरी मिळणं आणि ती मानानं करता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा.

दुसरा रस्ता: ओळखीतून

"मामा आधी पुण्याला गेला, मग त्यानं बाबांना बोलावून घेतलं." असं लिहिणारे आठ जण निघाले.

मुंबईचे डबेवाले तुम्ही पाहिले नसतील तरी ऐकले असतील. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. घरचा गरम डबा घरून उचलायचा आणि सायकल, लोकल असं करत नेमक्या माणसाच्या टेबलावर पोचवायचा. या डबेवाल्यांत बहुतेक सगळे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. असं का? कारण इथं भरतीची जाहिरात निघत नाही. टोळीतला कुणीतरी गावाकडच्या भाच्याला, पुतण्याला घेऊन येतो. तो मुलगा जुन्या माणसाबरोबर हिंडून डब्यांवरच्या खुणा शिकतो. त्यानं चूक केली तर ज्यानं आणलं त्याची मान खाली जाते. त्यामुळे विश्वास पक्का! कोरोनाच्या साथीनंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली, पण माणूस आणायची रीत तीच.

मुंबईच्या कापडगिरण्यांतही असंच होतं. कोकणातून, घाटावरून माणसं गावच्या माणसाचा पत्ता घेऊन येत आणि गिरणगावातल्या एकाच खोलीत दहा-पंधरा जण राहत. माणसं कामावर घेणारा असे जॉबर. तो आपल्या गावच्यांना आधी घेई आणि पुष्कळदा त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे उकळी. आत शिरल्यावरही लगेच कायमची नोकरी नाही! आधी 'बदली' कामगार. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असेल तर आज काम, नाहीतर घरी परत. असं कित्येक वर्षं चाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो जणांचं काम कायमचं गेलं. तुमच्यापैकी एखाद्याचे आजोबा गिरणीत असतील, तर त्यांना जरूर विचारा. पण शांतपणे ऐकून घ्या हं. काही आजोबांना ते सांगताना त्रास होतो.

आता सांगा, ओळखीनं काम मिळणं चांगलं की वाईट? आमच्या वर्गात यावर भांडण जुंपलं. एक म्हणाला, "चांगलं. अनोळखी गावात कोण विचारतं?" दुसरी म्हणाली, "पण ज्याचा मामाच नाही, त्यानं काय करायचं?" मी दोघांनाही शाबासकी दिली. दोघांचंही बरोबर होतं.

तिसरा रस्ता: उचल घेऊन

आमच्या भागातला हा रस्ता तुमच्यापैकी शहरात राहणाऱ्यांना बहुधा माहीत नसेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, "आमच्यात काम येतं ते आधी पैसे घेऊन येतं."

ते असं. उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पण त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, मुकादम गावात येतो. तो घरोघरी आगाऊ पैसे देतो. त्याला म्हणतात 'उचल'. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. त्या पैशांत घराची डागडुजी होते, दुखणंखुपणं निघतं, एखादं लग्न उरकतं. मग हंगाम सुरू झाला की सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात जायचं. पहाटेच्या थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि गाडीत भरायच्या. जितके टन ऊस तुटेल तितके पैसे उचलीतून वजा. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली तर ठीक. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं!

म्हणजे बघा, इतर लोक काम करून पैसे घेतात. इथं पैसे आधी घेतलेले असतात आणि काम नंतर. त्यामुळे मध्येच "मला हे काम नको" असं म्हणता येत नाही.

आणि या सगळ्यात शाळेचं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्या वर्गातली काही बाकं रिकामी होतात. ज्यांची आजी गावात राहते ती मुलं मागं राहतात. काही गावांत हंगामी वसतिगृह सुरू होतं, तिथं मुलांच्या जेवणाची सोय होते. त्या मुलीच्या आईला मी तीन वेळा जाऊन भेटले. चौथ्यांदा ती माउलीच शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, पोरीला म्हातारीपाशी ठेवते. पण तिच्या हातात कोयता येणार न्हाई, हे तुमी बघा." मी 'हो' म्हटलंय. आता ती जबाबदारी माझ्यावर आहे.

चौथा रस्ता: नाक्यावर

मुंबई, ठाणे, पुण्यात, आणि आता तालुक्याच्या गावांतही, सकाळी सातच्या सुमाराला ठरावीक चौकात माणसं उभी दिसतात. कुणाच्या हातात थापी, कुणाकडं रंगाचा ब्रश, कुणाच्या पिशवीत नुसता डबा. ठेकेदार येतो, "दोन गवंडी, तीन बिगारी" असं म्हणतो आणि मजुरी ठरवून घेऊन जातो. दहा-अकरा वाजेपर्यंत जे उरले ते डबा तसाच घेऊन घरी. या रस्त्याकडं मी नंतर परत येणार आहे, तेव्हा तो लक्षात असू द्या.

पाचवा रस्ता: अर्ज आणि परीक्षा

दुसरं महायुद्ध संपत आलं, तेव्हा घरी परतणाऱ्या हजारो सैनिकांना काम कुठं द्यायचं, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १९४५ साली आपल्याकडं सरकारी रोजगार कार्यालयं सुरू झाली. पुढे ती सगळ्यांसाठीच खुली झाली. तुमच्या आईवडिलांना 'एम्प्लॉयमेंटचं कार्ड' विचारा, त्यांच्या डोळ्यांसमोर लांबच लांब रांग उभी राहील! तिथं नाव नोंदवायचं, कार्ड वेळच्या वेळी नवं करून घ्यायचं आणि 'कॉल' कधी येतो याची वाट पाहायची. आता ही नोंदणी संगणकावर होते. लोकसेवा आयोग वेगळा. आपल्या महाराष्ट्राचा आयोग राज्याबरोबरच, १९६० साली स्थापन झाला. तो परीक्षा घेतो आणि गुणांप्रमाणे निवड करतो.

पण सगळे अर्ज छापील नमुन्यातच असतात असं नाही. मद्रासचा एक तरुण गणितात इतका बुडालेला होता, की बाकीच्या विषयांत नापास होऊन त्याचं कॉलेज सुटलं होतं. त्यानं १९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडलं. १ मार्च १९१२ पासून महिना ३० रुपयांवर तो रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्यानं आपली गणितं लिहून थेट इंग्लंडला, केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डी यांना पत्र पाठवलं. ओळखलंत ना? श्रीनिवास रामानुजन! पहिल्या पत्रानं पोट भरलं आणि दुसऱ्या पत्रानं जग उघडलं.

आणखी एक गोष्ट एका पोस्टकार्डाची. १९७४ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीनं टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. जाहिरात इंजिनिअरांसाठी होती, पण खाली लिहिलेलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. तिला राग आला. तिनं एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहून विचारलं, की असं का? थोड्याच दिवसांत तिला पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणारी ती पहिली महिला इंजिनिअर झाली. त्याच आजच्या लेखिका सुधा मूर्ती. जाहिरातीत "येऊ नका" लिहिलं असलं तरी "का येऊ नको?" असं विचारता येतं, हे मला त्या पोस्टकार्डानं शिकवलं.

सहावा रस्ता: हक्कानं मागून

हा रस्ता आपल्या महाराष्ट्रानं देशाला दाखवला, म्हणून जरा ताठ बसून वाचा! १९७२ साली आपल्याकडं भयंकर दुष्काळ पडला. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. त्या वेळी रोजगार हमी योजना राज्यभर पोचली. ही कल्पना पुढे नेणारे होते सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे. हाताला काम हवं म्हणून मजुरानं अर्ज केला की ठरावीक दिवसांत सरकारनं त्याला काम द्यायचं. रस्ते, बंधारे, पाझर तलाव, विहिरी अशी ती कामं. १९७७ साली त्याचा कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्र सरकारनं सगळ्या देशासाठी तसा कायदा केला. कायद्यांची नावं आणि नियम बदलत गेले, पण मूळ गोष्ट मोठी आहे. काम ही भीक नाही, ते मागता येतं. आमच्या गावचा पाझर तलाव अशाच कामातून झाला. तो खणायला वर्गातल्या दोघांच्या आज्या होत्या!

सातवा रस्ता: अवचित, आणि आठवा: आपला आपण

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढत होते. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. जाहिराती दिल्या, काही उपयोग झाला नाही. एकदा ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात बसले होते. तिथल्या आचाऱ्याचे नाजूक हात त्यांच्या नजरेत भरले. त्याला पगार होता महिना १० रुपये. फाळके म्हणाले, मी १५ देतो! आणि अण्णा साळुंके १९१३ साली पडद्यावर तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच!

आणि कुणीच काम देत नसेल तर? १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. असा आठवा रस्ता आपला आपण तयार करावा लागतो.

झाला फळा भरून. आता मी सांगते ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

त्या दिवशी सगळ्यांच्या वह्या वाचून झाल्या, एक सोडून. नेहमी बडबड करणारा एक मुलगा खाली मान घालून बसला होता. "आणि तुझं रे?" मी विचारलं. तो उठेना. मी म्हटलं, "गृहपाठ केला नाहीस ना? उभा राहा." तो उभा राहिला. वही उघडून पाहिली तर वर तारीख, खाली प्रश्न, सुंदर अक्षरात. त्याच्याखाली पान कोरं.

"विचारलं नाहीस घरी?"

"विचारलं."

"मग?"

तो काही बोलला नाही. शेजारचा पटकन म्हणाला, "बाई, त्याच्या पप्पांचं काम गेलंय. ते घरीच असतात." दोन-तीन जण फिसकन हसले. त्या मुलाचे डोळे भरून आले.

मुलांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी प्रश्न विचारला होता 'काम कसं मिळालं', पण ज्याच्या घरात ते मिळालेलंच नाही त्यानं काय लिहायचं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि खरं तर ते मलाच सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं. का, ते सांगते. त्या दिवशी वर्गालाही हेच सांगितलं.

मी २०११ साली डी.एड. झाले. गावात पेढे वाटले. वाटलं, आता सहा महिन्यांत शाळा! पण २०१२ पासून शिक्षकांची भरती जवळजवळ थांबलीच. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा आली. ती दिली आणि पासही झाले. 'पात्र' झाले खरी, पण जागा कुठं होती? एका खाजगी संस्थेत जागा निघाल्याचं कळलं, तेव्हा वडील चौकशीला गेले. तिथं इतके पैसे मागितले, की वडील काही न बोलता नुसती टोपी झटकून परत आले. रात्री आई म्हणाली, "माझी पोत मोडू या." मी 'नको' म्हटलं. ते बरोबर होतं की चूक, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आज विचाराल तर, बरोबर होतं.

मग मी काय केलं? सकाळी शिकवण्या घेतल्या, दुपारी एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहिला. लग्नाकार्याला जाणं मात्र बंद केलं. कारण अक्षता पडायच्या आत कुणीतरी विचारायचंच, "काय गं, लागली का नोकरी?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं. पण मला वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं. डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा एक परीक्षा झाली, संगणकावर. २०१९ साली नेमणुकीचं पत्र हातात पडलं. २०११ ते २०१९! मोजा बोटांवर. आठ वर्षं. त्या आठ वर्षांत मी आळशी होते का? ढ होते का? जी मी २०१८ साली बेकार होते, तीच मी २०१९ साली 'बाई' झाले. मी तीच होते, मधे फक्त एक पत्र आलं होतं.

वर्ग एकदम शांत झाला. मग मी त्या मुलाला खाली बसवलं आणि त्याची माफी मागितली. हो, बाईंनीसुद्धा माफी मागायची असते, चुकल्यावर.

आठ दिवसांनी तो स्वतःहून वही घेऊन आला. कोऱ्या पानावर लिहिलं होतं, "माझे पप्पा कारखान्यात कंत्राटावर होते. कंत्राट संपलं. आता ते रोज सकाळी सहाच्या गाडीनं तालुक्याला जातात आणि नाक्यावर उभे राहतात. कधी काम मिळतं, कधी मिळत नाही. काम मिळालं नाही त्या दिवशी पप्पा जास्त दमतात."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चौथीतल्या मुलाला जे दिसलं, ते आपल्या मोठ्यांना दिसत नाही. काम शोधणं हेही कामच आहे, आणि त्याचा पगार कुणी देत नाही.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर नववी ओळ लिहिली, 'काम शोधत आहेत'. आणि वर्गात एक नियम केला. कुणाच्या घरी कोण काय करतं, किंवा करत नाही, यावरून कुणी हसायचं नाही. नियम त्या फिसकन हसणाऱ्यांनीच सुचवला, म्हणून जास्त बरं वाटलं.

आता तुम्हा मोठ्या वर्गांतल्या मुलांना दोन गोष्टी सांगते. पहिली, "एवढे पैसे भरा, नोकरी पक्की" असं कुणी म्हणालं, मग ते चिठ्ठीत असो की मोबाइलवर, तर आधी घरी सांगा आणि एक रुपयाही देऊ नका. खरी नोकरी तुम्हाला पगार देते, तुमच्याकडून मागत नाही. दुसरी, ओळख नाही म्हणून खचू नका. पण रामानुजनसारखा एक नीटनेटका अर्ज लिहायला आत्तापासून शिका. मराठीच्या पेपरातलं पत्रलेखन पाच मार्कांसाठी नसतं, ते खऱ्या आयुष्यात लागतं!

आणि हा तुमचा गृहपाठ. आज घरी एका माणसाला विचारा, "तुम्हाला हे काम कसं मिळालं?" आईला विचारायला विसरू नका. "ती काही करत नाही, घरीच असते" असं लिहाल तर खबरदार! पहाटे पाचला उठून ती जे करते ते तिला कुठल्या रस्त्यानं मिळालं आणि तिला कधी दुसरं काही करावंसं वाटलं होतं का, तेही विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. आणि ज्याच्याकडं सांगायला काम नसेल, त्याला म्हणा, "बसा, मी चहा ठेवतो." किंवा 'ठेवते'. एवढं पुरतं.

तुमच्या वहीत एखादा दहावा रस्ता सापडला तर पत्रानं मला जरूर कळवा. आमचा फळा मोठा आहे, जागा करू!

तुमच्या,
बाई